कम्प्युटरची ओसरी

सागर आला होता झेंडू न्यायला. दसरा दोन दिवसांवर होता, आणि जठारपेठेतल्या ज्या दुकानात तो कम्प्युटर दुरुस्त करायचा, तिथलं प्रत्येक यंत्र पूजेला हार मागत होतं. अकोल्याच्या वेशीवर शालिकरामचा मळा. ओसरीवर फुलं तोलली जात होती आणि आतून कुणीतरी कम्प्युटरला शिव्या देत होतं... मोजक्या, पण नेमक्या.

"काय झालं, पाहू का?" त्यानं उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

शालिकरामच्या लेकीनं, रागिणीनं मान वर केली. माणसं पारखायची तिला खोडच होती. कोण चपला कुठं काढतो, कोण दुसऱ्या चहाला नाही म्हणतो आणि मग कप रिकामा करतो, सगळ्याची मनात नोंद. हा उंबऱ्याबाहेर थांबला होता. नोंद झाली.

"वस्तीतल्या अनीसाचा टायपिंगले आलेला प्रबंध गेला," ती म्हणाली. "शनिवारी कृषी विद्यापीठात द्यायचा हाये. दोन वर्षं राबली ते, आन् माह्या घरात येऊन बुडाली."

ना कापसाला भाव, ना फुलाला, अशी ती वर्षं. घराची चूल रागिणीच्या टायपिंगवर तगून होती. हा प्रबंध गेला, तर पुढचा कागद तिच्याकडे कोण आणणार?

सागरनं पिशवीतून सीडी काढली. तासाभरानं पडद्यावर एकेक फाइल परत दिसू लागली.

"मेल्या नव्हत्या. व्हायरसनं लपवून ठेवल्या होत्या," तो म्हणाला. "याले पेन ड्राइव्ह कोणाकोणाचे लागतात?"

"साऱ्या वस्तीचे. निकाल, गाणे, लग्नाचे फोटो..."

"आन् पासवर्ड?"

तिनं भिंतीकडं बोट दाखवलं. कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, शालिकरामच्या ठसठशीत अक्षरात पासवर्ड लिहिलेला होता. येणाऱ्याची अडचण होऊ नये म्हणून!

सागर हसला नाही. याचीही नोंद झाली.

"काकाजी, हे खोडा लागते."

"दारी आलेल्या माणसाले नाही कसं म्हणू, बापू?" शालिकराम कळवळून म्हणाला.

"नका म्हणू. पाहुण्याले बसवता कुठं?"

"ओसरीवर."

"देवघरात त नाही ना? मंग कम्प्युटरले बी ओसरी करून देतो. पाहुण्यायचं खातं वेगळं. निकाल पाहा, फोटो पाहा, पण आत काही बसवता येणार नाही. तुमच्या लेकीचं काम आतल्या घरात, कुलपात. पेन ड्राइव्ह आला का आधी अँटीव्हायरसनं तपासा. आन् प्रबंधाची एक सीडी अनीसाच्या घरी राहू द्या."

शालिकरामला ओसरी पटली. त्यानं स्वतःच कॅलेंडरवर काट मारली.

"आता नवा पासवर्ड टाका," सागर रागिणीला म्हणाला... आणि खिडकीकडं तोंड करून उभा राहिला.

तिची बोटं थबकली. या घरात पत्र ज्याच्या हाती पडेल तो फोडायचा. तिचा बारावीचा निकाल तिच्याआधी पानठेल्यावर कळला होता. तिच्यासाठी कुणी पाठ फिरवलेली ती पहिल्यांदाच पाहत होती. त्या पाठीकडं बघता बघता पासवर्ड दोनदा चुकला.

मग रविवार सुरू झाले.

"आज कायचं अपडेट?"

"अँटीव्हायरसचं. दर आठ दिवसाले करा लागते."

"मागच्या रविवारी पाच मिनिटांत झालं. चहाले मातर दीड तास लागला."

"चहा बी अपडेट करा लागते ना."

तो हसायचा, ती हसू दाबायची. आणि पासवर्डाची वेळ आली की तो बिनचूक खिडकीकडं वळायचा.

थंडी पडता पडता अनीसाचा प्रबंध मंजूर होऊन, बांधून आला. आभाराच्या पानावर शेवटी रागिणीचं नाव होतं. ते पान तिनं सागरसमोर धरलं. "हे तुमच्यामुळं," एवढंच बोलली.

त्यानं नावावरून हळूच बोट फिरवलं. "मालकानं अमरावतीले दुकान काढलं... सोमवारपासून मले तिकडं पाठवून राहिले."

तिनं कम्प्युटर सुरू केला.

"मी गेल्यावर अपडेट...?"

"शिकवलं ना तुमी. मी करीन."

"मंग मी कायले येऊ?"

पडद्यावर पासवर्डाची चौकट आली, आणि तो सवयीनं वळला.

"आज इकडं पाहा."

"इतक्या रविवारांचा नियम मोडता?"

"नियम कोण मोडते?" तिनं कीबोर्डावर ओढणी टाकली. "पासवर्ड नाही दाखवून राहिली मी. माह्याकडं पाहा म्हणलं."

तो वळला. किती वेळ कुणास ठाऊक... पडदा कंटाळून काळा झाला.

बाहेरून शालिकरामचा आवाज आला, "राग्ये, पाहुण्याचा चहा ओसरीवर ठेवू का?"

रागिणीनं सागरवरची नजर काढली नाही.

"नाही बाबा," ती म्हणाली. "आत आणा."