न ऐकलेलं रडणं

"आपा, माझी पोर रडून रडून निळी पडली, आणि तुम्ही शेजारी बसून तांदूळ निवडत राहिलात? काळीज आहे की दगड!"

चिमुकल्या उजमाला छातीशी घट्ट धरून रुखसार ओरडत होती. गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना तिने जिन्यातूनच नणंदेला सांगितलं होतं, झोळीकडे लक्ष ठेवा म्हणून... परतली तेव्हा पोरीचे पाय दोरीत गुंतलेले!

आबिदा भावजयीच्या ओठांकडे पाहत राहिली. आईवडिलांमागे धाकट्या नईमला तिनेच वाढवलं. मालेगावच्या यंत्रमागांच्या खडखडाटात सुताच्या कांड्या भरता भरता तारुण्य सरलं, आलेली स्थळं तिने हसत परतवली. आज नईम शाळेत मास्तर होता, आणि त्याच्याच घरात ती निर्दय ठरत होती!

नईम नुकताच शाळेतून आला होता. बहिणीच्या डोळ्यांत पाहून त्याला बोलवेना. भिंतीकडे तोंड करून तो जड आवाजात म्हणाला, "आपा, काही दिवस तू वेगळी खोली घेऊन राहा... रुखसारचा तुझ्यावर विश्वास उरला नाही."

आबिदाला दिसले फक्त त्याचे वाकलेले खांदे. दमलाय बिचारा...

"हातपाय धू, बेटा," ती मायेने म्हणाली. "गरम भाकरी टाकते."

रुखसार चमकली. नईम गर्रकन वळला, बहिणीकडे पाहतच राहिला, मग पुन्हा पाठ फिरवून त्याने हाक मारली, "आपा!" आणखी मोठ्याने, "आपा!"

उत्तर आलं नाही.

तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "केव्हापासून, आपा?"

"तू बारावीला होतास..." तिची नजर खाली गेली. "मागांच्या आवाजाने गेले कान. कारखान्यात सगळेच ओठ पाहून बोलतात, कुणाला कळलं नाही. तुला कळलं असतं तर मला घरी बसवून तू स्वतः मागावर उभा राहिला असतास."

तिने मान वर केली तेव्हा तो विचारत होता, "पण आता तरी सांगायचंस ना!"

"आता कोणत्या तोंडाने सांगू? बहिरीच्या हाती पोर कोण देईल रे!"

रुखसारने उजमाला नवऱ्याकडे दिलं. आबिदाची हनुवटी अलगद वर करून, एकेक शब्द सावकाश उच्चारत ती म्हणाली, "मला माफ करा, आपा. पोर तुमचीच आहे. दोघी मिळून सांभाळू."

आपला आवाज फार चढत तर नाही ना, या धास्तीने इतकी वर्षं आबिदा हळूच बोलत आली होती. आज मात्र तिचा बांध फुटला... ती हंबरडा फोडून रडू लागली. किती मोठ्याने, ते तिला कळत नव्हतं. शेजारच्या बाया दारात गोळा झाल्या. पण घरातल्या कुणीही तिला गप्प केलं नाही.