जलपरीच्या महालातला माणूस

खेळण्यांच्या दुकानात मागच्या बाजूला, खोक्यांच्या भिंतीआड, चिकटबाईचं टेबल होतं. ठोकळ्यांचा नवा संच आला की ती तो जोडायची आणि दर्शनी कपाटात मांडायची, म्हणजे पोरांनी काचेला नाक लावावं आणि आईबापांच्या मागे भुणभुण करावी. जोडताना प्रत्येक ठोकळ्याला सोल्यूशन लागायचं. नाहीतर मोकळा नमुना संध्याकाळपर्यंत पोरांच्या खिशांतून पांगतो. तिचं नाव त्या सोल्यूशनवरून पडलं, असं मालक म्हणायचे. बाकीचे म्हणायचे, बाई एकदा धरलेलं सोडत नाही म्हणून.

तिने काय धरून ठेवलंय ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा नवरा धरणावरच्या लाँचची इंजिनं दुरुस्त करायचा. एका दुपारी तो लाँचखाली उतरला आणि वर आलाच नाही. पाणबुडे शोधून शोधून दमले, हाती काही लागलं नाही. सासूने, भावाने, शेजारणींनी समजावलं, आता मनाची तयारी कर. तिचं उत्तर ठरलेलं, "आधी दाखवा, मग करते." त्याचा शर्ट खुंटीवर होता तसाच राहिला. लेकीला, म्हणजे ठकीला, मात्र ती पाण्याच्या वाऱ्यालाही उभं करत नव्हती. शाळेत पोहण्याचा तास असला की ठकी वर्गात एकटी बसून चित्रं काढायची. चित्रं सगळी जलपऱ्यांची. आईने दार बंद केलं तर पोरगी खिडकीतून जाणारी होती, बापासारखीच.

म्हणून 'जलपरीचा महाल' नावाचा संच आला तेव्हा शाळा सुटून टेबलाशी आलेली ठकी दप्तर काढायलाही विसरली. निळे-हिरवे ठोकळे, शिंपल्याचं सिंहासन, एक ऑक्टोपस, आणि हिरव्या शेपटीची बोटाएवढी जलपरी. ठकीने निवडून द्यायचं, आईने चिकटवायचं. चिकटबाईची आपली एक पद्धत होती. तळाच्या पाटीवर आधीच सगळीकडे सोल्यूशन फासायचं आणि मग भिंती उभ्या करायच्या, म्हणजे काम झटपट उरकतं. त्या दिवशी भिंती झाल्या, छत चढलं, तरी आतला तळ अजून ओलसर होता. महाल तसाच दर्शनी कपाटात वाळत ठेवून मायलेकी घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सिंहासनावरच्या जलपरीचं तोंड फिरलेलं होतं. चिकटबाईने तिला रस्त्याकडे बघत बसवलं होतं. आता ती दुकानाच्या आत, ठकी टेबलाशी बसायची त्या स्टुलाच्या दिशेने बघत होती. तिलाही रस्त्याचा कंटाळा आला असेल, असं म्हणून मालक हसले. चिकटबाईने शेपटीखाली नख घालून पाहिलं. सोल्यूशनची रेघ कुठेही तुटलेली नव्हती.

मग कपाटाच्या तळाशी पाणी साचायला लागलं. ती पुसायची, ते पुन्हा साचायचं. वर नळ नाही, पाइप नाही, छताला साधी ओलही नाही. एकदा तिने पुसायचं फडकं सहज नाकाशी नेलं. डिझेल आणि शेवाळ. नवऱ्याच्या कपड्यांतून हाच वास तिने वर्षानुवर्षं घासून काढला होता. तिने फडकं पिळलं, दोरीवर टाकलं आणि कामाला लागली. वेड लागायचं तर त्यालाही सवड लागते, आणि ती तिच्याकडे नव्हती.

आठवडाही झाला नसेल, शाळेतल्या बाई ठकीचा हात धरून दुकानात आल्या. पोरगी पोहण्याच्या तलावाच्या खोल बाजूला, अगदी काठावर उभी सापडली होती. पायात बूट, पाठीला दप्तर. बाईंनी हाक मारली तर वळूनही बघेना. बाई गेल्यावर चिकटबाईने लेकीला समोर बसवलं आणि विचारलं. ठकीला रडू नव्हतं, भीती नव्हती.

"बाबा तिच्याकडे आहेत, आई. खालच्या खोलीत," तिने जलपरीकडे बोट केलं. "मी खोल पाण्यात आले तर सोडते म्हणालीय."

महालाच्या खालच्या खोलीला पारदर्शक ठोकळ्याची खिडकी होती. चिकटबाईने टॉर्च लावून आत पाहिलं.

आत माणूस उभा होता.

त्या संचात माणूस नव्हताच. महाल तिने स्वतःच्या हाताने जोडला होता. हा ठोकळ्यांतलाच, बोटाएवढा, निळ्या शर्टातला. शर्टाची उजवी बाही गुंडाळलेली, डावी तशीच सुटी. नवरा कायम असाच असायचा. एक हात इंजिनात गेला की दुसऱ्याचं भान नाही.

तिला भीती वाटली, नाही असं नाही. पण पाठोपाठ असा राग आला की भीतीला उभं राहायला जागा उरली नाही.

तिने महाल टेबलावर आणला आणि हातोडी उचलली. अहो बाई, या नमुन्यावर तर पोरं तुटून पडतायत, असं काहीतरी म्हणत मालक धावत आले.

"एक ठेवून घेतलास," ती जलपरीला म्हणाली. आवाज नळावर भांडणाऱ्या बाईचा. "वर दुसरी मागतेस? पोर मिळणार नाही. आणि तोही मला परत हवाय."

तिने हातोडी घातली.

भिंत फुटली आणि पाणी आलं. टेबलावरून जमिनीवर, जमिनीवरून खोक्यांखाली, मालकांच्या बुटांत. महाल जेवणाच्या डब्याहून मोठा नव्हता.

पाणी थांबलं तेव्हा माणूस तळावर उभाच होता. दोन्ही पाय सोल्यूशनमध्ये रुतलेले. तिच्याच सोल्यूशनमध्ये.

तिने पक्कड लावली आणि ओढलं. उजवा पाय सुटला.

डावा तुटला.

गुडघ्याखालचा तुकडा पाटीला चिकटून राहिला, काही केल्या निघेना. तिने कच्चं काम कधी केलंच नव्हतं.

जलपरी तुकड्यांत सापडली नाही. मालकांनी बूट काढून त्यातलं पाणी ओतलं आणि ते गल्ल्यावर जाऊन बसले.

चिकटबाईने माणूस ओढणीने कोरडा केला, मुठीत घरी आणला आणि खुंटीवरच्या शर्टाखाली फळीवर ठेवला. ठकीने रडून घेतलं. एका पायावर बाबा उभे कसे राहतील, हीच तिची काळजी.

पुढच्याच सुट्टीच्या दिवशी ती लेकीला घेऊन तलावावर गेली आणि शिकवणाऱ्या मास्तरांना म्हणाली, हिला पोहायला शिकवा, खोल बाजूलासुद्धा. पुन्हा कुणी बोलावलंच तर पोर जाऊन परत येणारी हवी. ती स्वतः काठावर बसली, पाय पाण्यात सोडून, पर्समध्ये पक्कड ठेवून. ठकी नाकातोंडात पाणी जाऊन ठसकली, तिने मास्तरांना बोचकारलं, आणि शेवटी ती पाठीवर तरंगली. तेव्हा चिकटबाई मोठ्याने हसली. किती दिवसांनी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

दोघी घरी आल्या तेव्हा लख्ख ऊन होतं. जिना मात्र ओला होता.

खालपासून वरपर्यंत अनवाणी पावलांचे ठसे होते. मोठे, पुरुषाचे. प्रत्येक पायरीवर उजवा पाय. डाव्याचा एकही नाही. भिंतीवर खांद्याच्या उंचीला ओले पंजे उमटले होते, तोल सावरत कुणी चढावं तसे. ठसे त्यांच्या दाराशी संपत होते. दाराला कुलूप होतं, तिने लावलं तसंच.

ठकीने वळून पायऱ्यांवरच्या ठशांकडे पाहिलं.

"आई, दुसरा पाय?"

"दुकानात आहे, पाटीला चिकटलेला," चिकटबाईने किल्ली काढली. "पाटीसकट आणू."

आत कुणीतरी खुर्ची ओढून बसलं.