वीज दिली की डोळा मिटतो!

"आत्या, तुझं यंत्र उलटं चालतंय!" इरावती वैतागून ओरडली. "डोळा उघडायचा सोडून आणखी घट्ट मिटतोय!"

सायकलवरून पडल्यापासून तिची उजवी पापणी अर्धी खाली लोंबत होती. वर्गातला यंत्रमानव दक्ष भर तासात म्हणे, "इरावती, झोपू नकोस!" मग सगळा वर्ग फिदीफिदी हसे. पापणी वर धरायला ती कपाळ ताणून बसे आणि संध्याकाळी तिचं डोकं ठणके.

तिची आत्या, डॉक्टर विशाखा, इस्पितळात स्नायूंवर संशोधन करत असे. तिने पापणीवरची वीज देणारी पट्टी जरा वर चिकटवली आणि बटण दाबलं. डोळा पुन्हा गच्च मिटला.

"असं का होतंय?" इरावती रडकुंडीला आली.

आत्याही त्रासली होती. ती म्हणाली, "पापणीला मुख्य दोन स्नायू असतात. मिटणारा कातडीला लागूनच, गोल पसरलेला. उचलणारा त्याच्यामागे, खोलवर. वीज जवळच्यालाच आधी गाठते."

"म्हणजे ती भलत्यालाच उठवते! अगदी त्या दक्षसारखी!"

आत्याला हसू आलं, पण ती लगेच कामाला लागली. काही आठवड्यांनी तिने कमानीसारखी एक मऊ चकती बनवली. थेंब घालून डोळा बधिर केला आणि ती पापणीच्या आतल्या बाजूने, उचलणाऱ्या स्नायूजवळ बसवली. अगदी सौम्य स्पंद (विजेचा क्षणभराचा ठोका) सोडला. पापणी टुणकन वर गेली! स्पंद थांबताच खाली आली.

"हात्तिच्या! मग उपयोग काय?"

"अगं, जरा दम धर! तुझा मज्जातंतू (मेंदूचा निरोप नेणारा धागा) दुखावलाय. तो हळूहळू बरा होतोय. तोवर बसून बसून स्नायू अशक्त होईल. म्हणून वीज त्याच्याकडून व्यायाम करून घेते."

त्यानंतर रोज इस्पितळ, रोज तीच गुदगुल्या करणारी थरथर, रोज इरावतीची कुरकुर.

एके दिवशी आत्याने यंत्र बंद केलं. "आता तूच उघड."

पापणी थरथरली आणि तांदळाच्या दाण्याएवढी वर जाऊन तिथेच थांबली.

"एवढीशीच?" इरावतीने आरशात पाहत विचारलं.

"एवढीशी, पण विजेशिवाय! निरोप पोचायला लागला बघ." आत्या हसत म्हणाली. "आता मला असं यंत्र करायचंय, जे चांगल्या डोळ्याची हालचाल ओळखून त्याच क्षणी मिटलेला डोळा उघडेल. ज्यांचा मज्जातंतू बराच होणार नाही, त्यांच्यासाठी."

इरावती खुर्चीत सावरून बसली. "मग थांबलीयेस कशाला? आधी माझ्यावर करून बघ!"