माझ्या तारखेच्या दोन ओळी

घानातल्या कुमासीत, सुआमेच्या गॅरेजांच्या रांगेत, एका गिअरबॉक्सच्या दुकानावर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. सोमवारी अंपोन्सा साहेबांनी ऐकवलं, "टीममध्ये जागा एकच उरलीय. गुरुवारपर्यंत रस्ट शिकून दाखव, नाहीतर खाली जाऊन नटबोल्ट वीक." नटबोल्टमधलं मला ओ की ठो कळत नाही, आणि घरात कमावता मी एकटाच.

प्रोग्रामिंगची नवी भाषा शिकायची माझी रीत ठरलेली. पुस्तक उघडायचंच नाही, एक छोटंसं काम करून बघायचं. जन्मतारीख द्यायची आणि त्या वाराचं नाव छापून घ्यायचं. आमच्याकडे मूल जन्मतःच वाराचं नाव घेऊन येतं. मंगळवारचा मी क्वाबेना. याच प्रोग्रामवर मी चार भाषा शिकलो आणि चारही वेळा पडद्यावर स्वतःचं नाव बघून फुशारलो.

रस्टमध्ये सात नावांची यादी लिहिली आणि माझी तारीख दिली. पडद्यावर आलं : क्वाबेना. त्याखाली दुसरी ओळ : काक्रा.

काक्रा म्हणजे जुळ्यांतला धाकटा. हा शब्द मी कुठंच लिहिला नव्हता.

शेजारच्या द्झिफानं मान लांब केली. "कुठून तरी उचलून चिकटवलं असशील. तुझी खोडच आहे ती."

मग तिनं स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या हातानं, पायथनमध्ये तोच प्रोग्राम लिहिला. तिच्या भावाची तारीख, साहेबांची, खालच्या गिअरबॉक्सवाल्याची. सगळ्यांना एकेक ओळ. माझी दिली की दोन. तिचं हसू मावळलं आणि तिनं खुर्ची हातभर लांब सरकवली.

मी आईला फोन लावला.

"आई, मला जुळा भाऊ होता?"

"कुणी सांगितलं?"

"मशीननं."

"मशीनला म्हणावं, नसत्या चौकशा नकोत. आठव्या दिवशीच्या बारशाआधी गेलं ते मूल पाहुणं. पाहुण्याचं नाव घ्यायचं नसतं." आणि तिनं फोन ठेवला.

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण नोकरी जायची भीती त्याहून मोठी होती. तेव्हा कुठलाही प्रोग्रामर करतो तेच केलं. दुखणं तसंच ठेवून वरून मलम लावलं. एक ओळ वाढवली : दोन नावं आली तर एकच ठेव.

गुरुवारी साहेबांनी स्वतः माझी तारीख टाकली. क्वाबेना. एकच ओळ.

"जमलं की रे गाढवा!" साहेब म्हणाले. "जागा तुझी."

त्या दुपारी मी द्झिफाला मक्याचे केंके आणि तळलेली मासळी पोटभर खाऊ घातली.

शुक्रवारी फाटकावर पहारेकरी मेन्साकाकांनी काठी आडवी धरली. "पुन्हा कुठं? मघाशीच तर आत गेलात. आज चक्क माझ्या नातीची विचारपूसही केलीत."

"काका, थट्टा पुरे."

काकांनी काठी हलवली नाही.

मी मनात ती ओळ पुन्हा वाचली. एकच ठेव, एवढंच लिहिलं होतं. कोणतं, ते लिहायचं राहिलं होतं.

खिशातला फोन वाजला. वरच्या मजल्यावरून द्झिफाचा निरोप : "आज आल्या आल्या लिहिलेला तुझा कोड पहिल्या झटक्यात चालला. आजारी आहेस का?"