धबधब्यामागची हाक

देह डोहात सापडला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. वाटाड्याने तो काठावर ओढला, स्वतःचा रेनकोट त्याच्यावर पांघरला आणि दरीच्या तोंडाशी असलेल्या वनखात्याच्या चौकीकडे धाव घेतली.

फौजदारबाई दुपारी पोचल्या. मेलेला माणूस शहरातल्या एका इस्पितळात भूलतज्ज्ञ होता. सोबत त्याची बायको होती आणि वीस वर्षांपासूनचा दोस्त, त्याच इस्पितळातला सर्जन.

बाईंनी खिसे तपासले. रुमाल, गोळ्यांची पट्टी आणि घट्ट झाकणाची प्लास्टिकची डबी. डबीत कानाची दोन यंत्रं. कोरडी ठणठणीत.

चौकीत एकच टेबल होतं. सर्जन त्यावर हात ठेवून बसला. स्वच्छ, स्थिर हात.

"काय झालं, डॉक्टर?"

"वहिनींचा गुडघा दुखत होता. त्या वाटाड्याबरोबर पहिल्या धबधब्यापाशी थांबल्या. आम्ही दोघं वर गेलो. दुसऱ्या धबधब्यामागे गुहा आहे. मी आत होतो, तो बाहेर कड्याच्या काठावर."

"अंतर किती?"

"पंधरा-वीस पावलं. मी ओरडलो, मागे हो, शेवाळ आहे. तो म्हणाला, आलोच, मोबाइलवर एक फोटो काढतो. मग किंचाळी ऐकू आली. बाहेर आलो तर काठ रिकामा."

"भांडण वगैरे?"

"आमच्यात? छे."

दुसऱ्याच कुणाचा तरी तपासणी अहवाल वाचून दाखवावा, तसा तो बोलत होता.

बायको बाहेर बाकावर बसली होती. हातातल्या चहावर साय धरली होती. ती रडली नव्हती.

"ताई, कानाची यंत्रं त्यांनी कधी काढली?"

"खाली, माझ्यासमोर. पाणी लागलं की बिघडतात. मोबाइलही माझ्याकडे दिला. हा बघा."

"डॉक्टरांनी हे पाहिलं?"

"ते पुढे निघून गेले होते. नेहमीच पुढे असतात."

"यंत्रांशिवाय ऐकू येत होतं?"

"कानाला तोंड लावून ओरडलं तर एखादा शब्द."

"आज इथं यायचं कुणी ठरवलं?"

"भावजींनी, म्हणजे डॉक्टरांनी. म्हणाले, याचं डोकं शांत होईल." ती थांबली. "गेल्या महिन्यात चौदा वर्षांची एक मुलगी ऑपरेशन टेबलावरच दगावली. तेव्हापासून याला झोप नव्हती. सोमवारी तिच्या वडिलांकडे जाणार होता. काय सांगायचंय, ते मला बोलला नाही."

बाई हवालदाराला घेऊन वर चढल्या. त्याला काठावर उभं केलं, स्वतः गुहेत शिरल्या आणि जीव खाऊन ओरडल्या. एकदा, दोनदा, तीनदा. हवालदार निवांत मान खाजवत उभा होता.

बाहेर येऊन त्यांनी त्याचा खांदा हलवला. "हाक ऐकलीस?"

"मारली होतीत? बायको म्हणते मी बहिरा आहे. आज तिचं खरं ठरलं."

बाईंना हसू आलं नाही. त्यांनी गुहेत परत जाऊन त्याला काठावरून ओरडायला लावलं; आत पाण्याच्या गर्जनेखेरीज काहीच ऐकू आलं नाही.

उतरल्यावर त्यांनी इस्पितळात फोन लावला. अर्धा तास बोलल्या. मग चौकीत सर्जन आणि बायको, दोघांना समोर बसवलं.

"डॉक्टर, त्या गुहेत धडधाकट कानालाही बाहेरची हाक पोचत नाही, आतली बाहेर जात नाही. तुमच्या दोस्ताचे कान तर डबीत होते. तरी तुमच्या हाकेला त्यांनी उत्तर दिलं आणि तुम्हाला किंचाळी ऐकू आली. ज्या मोबाइलने ते फोटो काढणार होते, तो ताईंच्या पिशवीत होता. तुमच्यातलं ते बोलणं झालंच नाही."

बाईंनी फोनवर टिपून घेतलेला कागद पुढे ओढला.

"तुमच्या थिएटरच्या परिचारिकेशी बोलले. मुलीचा रक्तस्राव थांबायच्या आत तुम्ही दुसऱ्या इस्पितळातल्या केसला निघून गेलात. कागदावर लिहिलं, हृदय आपोआप बंद पडलं. खाली भूलतज्ज्ञांची सही घेतलीत. ती सही त्यांना गिळवत नव्हती. सोमवारी ते सगळं सांगणार होते. म्हणून आज तुम्ही त्यांना इथं आणलंत आणि ढकललंत."



"ढकलायला आणलं नव्हतं," सर्जन म्हणाला. आवाज तसाच सपाट. "विनवायला आणलं होतं. काठावर त्याच्या कानाशी जाऊन बोललो. माझ्या पोरांचं सांगितलं. शेवटी विचारलं, माझं वाटोळं करणार आहेस का? त्याने हसून मान हलवली. हो म्हणून. हसून! माझा हात कधी उठला, कळलं नाही."

"त्याला ऐकू आलंच नसेल," बायको म्हणाली. "नाही कळलं की तो असाच हसून मान हलवायचा. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. वीस वर्षांत तुम्हाला एवढंही माहीत नव्हतं, भावजी?"

सर्जनने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. मग टेबलावरचे हात उलटे करून त्यांच्याकडे पाहिलं. हवालदाराने ते धरले आणि त्याला उठवून गाडीकडे नेलं.

बायको जागची हलली नाही. बाईंनी तिच्या हातातला थंड कप काढून घेतला.

"घरी सोडू का, ताई?"

"त्या मुलीच्या वडिलांचा पत्ता तुमच्याकडे असेल ना?" तिने विचारलं. "सोमवारी मी जाते."