पत्राताईची पाच मिनिटं

"न्हाई! माझं नाव कुणी घेतलंच न्हाई! एकदाबी न्हाई!"

निता ओरडतच अंगणात शिरली. कोमल आणि तिचा धाकटा भाऊ बालाजी तेव्हा सिद्धेश्वर धरणावर जायचा बेत आखत होते. सुट्टी संपायला आठच दिवस उरले होते आणि मामा त्यांना उद्या मासेमारांच्या होडीत बसवणार होता. पण निताचा चेहरा बघून होडी तिथंच राहिली.

तिच्या हातात चुरगळलेलं पत्र होतं. हिंगोलीच्या मुलींच्या वसतिगृहाचं! कोमलनं ते मोठ्यानं वाचलं. डोंगरबोरी गावच्या सात मुलींची नावं मुलाखतीसाठी बाजाराच्या दिवशी जाहीर केली होती. गावातल्या चार आल्या, त्यांना जागा मिळाली. गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरच्या तीन, त्यात निताही, आल्याच नाहीत. शुक्रवारी त्यांच्या जागा दुसऱ्यांना देणार!

गावातली शाळा सातवीपर्यंतच होती. वसतिगृह नाही म्हणजे निताची आठवी नाही. सरळ हिशेब होता.

"मी बाजारात दिवसभर याडीसंगं होते," निता म्हणाली. याडी म्हणजे तिची आई, रूपाबाई. "भोंग्याच्या बराबर खाली बसून कांदे विकले आमी. पत्राताई पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. माझं नाव आलंच न्हाई!"

"चल!" कोमल उठली. "किसनकाकांना विचारू."

पत्राताई म्हणजे गावच्या माहिती केंद्रातल्या कॉम्प्युटरचा आवाज. दोन हजार सातची गोष्ट आहे ही. वर्षापूर्वी नांदेडच्या एका इंजिनिअरनं ती बसवून दिली होती. तिला ना चित्रं, ना बटणं. सूचना एका फाईलमध्ये टाईप करायच्या. मग काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची: आधी हुकूम, मग फाईलचं नाव. एंटर दाबलं की सुरुवातीचं संगीत, मग सूचना, मग शेवटचं संगीत, असा अख्खा कार्यक्रम तयार! केंद्र चालवणारे किसनराव त्याची सीडी करून बाजारात भोंग्यावर लावायचे. आवाज डबड्यात तोंड घालून बोलल्यासारखा होता, म्हणून पोरांनी तिचं नाव पत्राताई ठेवलं होतं.

किसनराव चहा पीत बसले होते. त्यांनी फाईल उघडून दाखवली. अगदी तळाला तीन नावं होती आणि त्यात निताचंही होतं!

"हे बघ! मी लिहिलं, मशीननं वाचलं. मशीन खोटं बोलत न्हाई. तुमीच ऐकून राहिल्या नसाल! तांड्यावाल्यांचं ध्यान कुठं असतं बाजारात?"

निता तावातावानं पुढं सरली. "मग सीडी लावा ना काका!"

सीडी लागली. कुणाच्या तरी पुतण्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा दोन मिनिटं चालल्या. मग गावाच्या सूचना, मग वस्तीच्या, आणि एकदम शेवटचं संगीत! तांडा नाहीच!

"सीडी घासली असंल," किसनराव म्हणाले आणि पान खायला निघून गेले. दार सताड उघडं! वर्षभर असंच चाललं होतं.

"घासलेली सीडी अडखळते," बालाजी म्हणाला. "ही तर मजेत संगीत वाजवून संपली. काहीतरी गडबड हाय ताई!"

कोमलनं खुर्ची ओढली. टायपिंग तिला बरं जमायचं, किसनराव नेहमी तिलाच बसवायचे. तिनं फक्त तीन नावांची फाईल केली. एंटर! पत्राताईनं तिन्ही नावं खणखणीत वाचली.

"म्हणजे नावांशी तिचं भांडण न्हाई," निता म्हणाली. "आता लांबलचक काहीतरी दे तिला."

बालाजीनं बेचा पाढा टाईप केला आणि तोच साठ वेळा खाली चिकटवला. पत्राताई न थकता बोलायला लागली. बे एके बे, बे दुणे चार! दहाव्यांदा ऐकून बालाजीनं कानात बोटं घातली. कोमल मात्र घड्याळाकडे बघत होती.

"बे सक्कम बारा. बे सत्ते..." आणि एकदम संगीत!

"पाच मिनिटं!" कोमल ओरडली. "बराबर पाच!"

पुन्हा वाजवलं. पुन्हा पाच मिनिटं आणि पुन्हा 'बे सत्ते'लाच गळा धरला! निता मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी वाचत होती. निळ्या शाईत इंजिनिअरनं लिहिलेला हुकूम होता. त्याच्या शेवटी लाल शाईत, वेगळ्याच अक्षरात, एक आकडा घातला होता: ३००.

"बाल्या, पाच मिनिटांचे सेकंद किती?"

"ती... तीनशे!"

कोमलनं तीनशे काढून तोच हुकूम दिला. पत्राताईनं साठच्या साठ पाढे म्हणून दाखवले!

तेवढ्यात किसनराव आले. चिठ्ठीवर बोट ठेवलेलं बघून ते जरा चपापले.

"मीच घातलं ते. लोक कंटाळतात लांबलं की. इंजिनिअरला फोन करून विचारलं होतं."

"पण मग शेवटचं कापलं जातं ना!" कोमल म्हणाली. "आणि शेवटी दर वेळी तांडाच असतो!"

"आधी गाव, मग वस्ती, मग तांडा. यादीची रीतच हाय ती."

"मॅडमला सांगा मग, की आमची चूक न्हाई!" निताचा आवाज फाटला.

"वा! मी काहून तोंडघशी पडू? जाहीर केलं असं लिहून दिलंय मी. सीडी घासली, विषय संपला. निघा!"

संतापानं निताला रडूही येईना. माहीत असून गप्प बसतो हा माणूस! एक ओळ लिहायची लाज वाटते, आणि एका मुलीची आठवी बुडाली तर चालते!

तिघांनी एसटीडी बूथवरून वसतिगृहाच्या पद्माबाई मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "बाळ, माझ्याकडे त्यांचं लेखी आहे. नुसत्या बोलण्यावर मी कसं करू? गुरुवारी मी तुमच्या जवळच्या गोरेगावला येणारच आहे. तशीच जीपनं तुमच्या बाजाराला येते. दाखवा मला."

गुरुवार उजाडला. नेमका सरपंच जळबाअण्णांचा वाढदिवस! किसनराव हारांच्या गडबडीत होते. त्यांनी सूचनांचा कागद कोमलपुढे टाकला. "सगळं टाईप कर. एकबी शब्द गाळू नको, समजलं?"

"एकबी न्हाई गाळणार काका," कोमल गोड आवाजात म्हणाली.

आणि तिनं खरंच एकही शब्द गाळला नाही! फक्त यादी उलटी लिहिली. आधी तांडा, मग वस्ती, मग गाव आणि सगळ्यात शेवटी सरपंचांच्या शुभेच्छा. तांड्याच्या सूचनांत आधीची तीन नावं होतीच, कारण पद्माबाईंनी ती पुन्हा जाहीर करायला सांगितली होती. तीनशे जिथल्या तिथं ठेवलं.

बाजार भरला. भोंग्याच्या खांबाजवळ पद्माबाई येऊन थांबल्या. हार घातलेले जळबाअण्णा खुर्चीत बसले आणि भोंगा खरखरला.

"तांडा. वसतिगृह प्रवेश. निता प्रेमसिंग राठोड..."

कांद्याच्या ढिगामागून रूपाबाई ताडकन उभी राहिली. तांड्याचं नाव! भोंग्यावर! बायका एकमेकींना गप्प करायला लागल्या. मग वस्ती झाली, गाव झालं. अण्णांनी मिशीवरून हात फिरवला.

"आपले लाडके सरपंच, गोरगरिबांचे कैवारी, माननीय श्री..."

आणि संगीत!

बाजार खो खो हसला. अण्णा लालबुंद झाले. "किसनराव! माझं नाव कुठंय?"

"अण्णा, लिहिलंय ना! कागद बघा, मशीननं..."

"मशीन खोटं बोलत न्हाई काका!" निता सगळ्यांसमोर गरजली. "तुमीच ऐकून राहिला नसाल!"

मग कोमलनं चिठ्ठी दाखवली, बालाजीनं पाढ्यांची गोष्ट सांगितली आणि पद्माबाईंनी स्वतःच्या घड्याळावर पाच मिनिटं मोजल्याचं सांगितलं.

"आत्ताच्या आत्ता काढा ते तीनशे!" अण्णा कडाडले. वर्षभर तांडा कापला जात होता तेव्हा कुणाला पत्ता नव्हता. अण्णांचं नाव कापलं, तर दोन मिनिटांत निकाल! "आणि माझं परत वाचा!"

"वाचू की," निता म्हणाली. "पण आधी आमचं वर्षभराचं राहिलेलं वाचू. जुन्या फाइली हायेत कॉम्प्युटरमध्ये."

अण्णा काही बोलणार तोच पद्माबाई म्हणाल्या, "वाच बेटा."

कोमलनं केंद्रात पळत जाऊन जुन्या फाइलींमधून तांड्याच्या ओळी एकत्र केल्या आणि नवी सीडी आणून लावली. पत्राताई त्याच निर्विकार आवाजात वाचू लागली. तांडा, लहान मुलांना डोस, तारीख मागच्या श्रावणातली. तांडा, रेशन कार्डाचे नवे अर्ज, मुदत दिवाळीपर्यंत. तांडा, अपंगांच्या तपासणीचं शिबिर, स्थळ हिंगोली. सगळ्या तारखा उलटून गेलेल्या. आता बाजारात कुणी हसत नव्हतं.

निताचा काका रूपसिंग कुबडी टेकून उभा होता. तीनदा हिंगोलीला हेलपाटे मारले होते त्यानं, आणि तिसऱ्यांदा कळलं होतं की शिबिर होऊन गेलं. तो हळूच खाली बसला. "मला वाटलं, आमाला बोलवतच न्हाईत," तो म्हणाला.

किसनराव मान खाली घालून पुढे आले. पद्माबाईंनी दिलेल्या कागदावर त्यांनी लिहून दिलं: सूचना तांड्यापर्यंत पोचली नाही, चूक माझी. मॅडमनी तिथंच तिन्ही नावं वहीत चढवली. "शाबास पोरांनो! मोठ्यांना वर्षभर दिसलं नाही ते तुम्ही पाढ्यांनी पकडलंत!"

अण्णांनीही गळ्यातला हार काढून निताच्या गळ्यात घालायचा प्रयत्न केला. निता मागं सरली.

"हार नको अण्णा. काकाचं शिबिर परत बसवा."

अण्णांनी सगळ्यांदेखत कबूल केलं. करणार काय! अख्खा तांडा समोर उभा होता.

रूपाबाई मात्र अजून भोंग्याकडेच बघत होती. "कोमल," ती म्हणाली, "माझ्या लेकराचं नाव अजून एक बार लाव ना."

कोमलनं ते तीनदा लावलं. सरपंचांच्या शुभेच्छा वाचायच्या राहूनच गेल्या, आणि कुणी त्यांची आठवणही काढली नाही.