गच्चीवरचा थोरला

दुपारी बारा वाजता टेकडीवरच्या मनोऱ्यातून जुनं प्रक्षेपण बंद होणार आणि नवं डिजिटल सुरू होणार, म्हणून सकाळपासून अर्धी आळी धाकट्या मिस्त्रीच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात ठाण मांडून बसली होती. शिंपीकाका, बेकरीवाल्या मावशी, महिन्यापूर्वीच बदली होऊन आलेल्या शाळेच्या बाई. कामधंदा सोडून सगळे पडद्यावरच्या मुंग्या बघत होते.

"आयुष्यभर ह्या मुंग्याच पाहिल्या," शिंपीकाका म्हणाले. "आता धड चेहरा दिसला तर माणूस ओळखू येईल का, कुणास ठाऊक."

सगळे हसले. धाकटा हसला नाही. सकाळपासून त्याची नजर पुन्हापुन्हा जिन्याकडे जात होती.

एकोणीस वर्षांपूर्वी हे दुकान दोघा भावांचं होतं. थोरला गच्चीवर अँटेना फिरवायचा, धाकटा खाली पडद्यासमोर बसायचा. वरून हाक यायची, "आलं का?" खालून "आलं" म्हटल्याशिवाय थोरला खांब सोडायचा नाही, असा त्यांचा शिरस्ता. एका संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं आणि सामना बघायला दुकानात हीऽ गर्दी. वरून हाक आली. चित्र आलं होतं, चांगलं आलं होतं. पण आणखी जरा स्वच्छ झालं तर गिऱ्हाइकांत आपली शान वाढेल, म्हणून धाकटा म्हणाला, "अजून नाही." पुढच्याच क्षणी गच्चीवर वीज पडली.

हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. आणखीही एक गोष्ट सांगितली नव्हती. तेव्हापासून दुकानात कुठलाही टीव्ही लावला, की जिन्यावरून त्याला हलकेच ऐकू यायचं, "आलं का?" आणि धाकटा ओठातल्या ओठात म्हणायचा, "अजून नाही." पडद्यावर थोड्याफार मुंग्या असायच्याच, त्यामुळे ते अगदीच खोटंही नव्हतं. तेवढ्यावर थोरला वर थांबायचा. नव्या चित्रात मात्र औषधालाही मुंगी दिसणार नव्हती. आणि खाली आलेल्या थोरल्याला तोंड कसं दाखवायचं, हे धाकट्याला कळत नव्हतं.

बाराच्या ठोक्याला पडदा काळा झाला. मग चित्र उमटलं, इतकं लख्ख की निवेदिकेच्या कपाळावरच्या आठ्या मोजाव्यात.

जिन्यावरून हाक आली, ह्या वेळी मोठ्याने, "आलं का...?"

धाकट्याने तोंड उघडलं, पण त्याच्याआधीच सगळी आळी एका सुरात ओरडली, "आलं!"

सवयीने ओरडली. विचारलं कोणी, याचा विचारही कुणाच्या मनात आला नाही.

जिन्यावर पावलं वाजू लागली. एकेक पायरी... फार वेळ ताटकळलेला माणूस उतरतो तशी, सावकाश. दुकानात करपलेल्या रबराचा वास शिरला. धाकटा जिन्याच्या दाराकडे वळला. दारात त्याला कोणीच दिसेना. इतरांनाही दिसत नव्हतं. शाळेच्या बाई तेवढ्या चटकन खुर्चीवरून उठल्या.

"बसा ना," त्या रिकाम्या दाराकडे बघत म्हणाल्या. "अगंबाई, हात केवढे भाजलेत तुमचे..."

सगळे बाईंकडे बघू लागले. बाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि धाकट्याकडे वळल्या.

"मिस्त्री, हे तुमचे भाऊ ना? विचारतायत... त्या दिवशी चित्र आलं होतं का?"

आळीतल्या एकालाही जे ठाऊक नव्हतं, ते ह्या परक्या बाई विचारत होत्या. खोटं बोलायचं त्राण आता त्याच्यात उरलं नव्हतं.

"आलं होतं, दादा..." तो पुटपुटला. "चांगलं आलं होतं."

बाईंनी पुन्हा कान दिला. थोरला एकोणीस वर्षांपूर्वीच गेला, हे बिचाऱ्यांना माहीत नव्हतं; भावाभावांची थट्टा चाललीय, असंच त्यांना वाटत होतं.

"ते म्हणतायत," त्या हसत म्हणाल्या, "मग आता तू वर जा. आलं की मी सांगतो."

धाकट्याला उठायचं नव्हतं. पण त्याचे पाय जिन्याकडे निघाले होते. बाहेर ऊन रखरखत होतं, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, आणि त्याच्या हातांवरचे केस एकेक करून ताठ उभे राहत होते.